पडीक म्हणजे नेमकं काय?

गेल्या रविवारी सकाळी लॅपटॉपवर सोलापूर जिल्ह्याचा नकाशा उघडून बसलो होतो. कामाचा काही संबंध नाही. आठवडाभर बँकेच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधायचे आणि शनिवार-रविवार असले उद्योग करायचे, हे आता घरच्यांनीही मान्य केलंय. नकाशा जमीन-वापराचा होता, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून कुठे शेती, कुठे जंगल, कुठे पाणी, कुठे वस्ती हे रंगांनी दाखवलेलं. आमचं जुळे सोलापूर लाल रंगात (वस्ती). वर बार्शी रस्त्याकडे बघितलं तर शेतीच्या पिवळ्या रंगात मधूनमधून मळकट तपकिरी ठिपके.

आजी मागे येऊन उभी राहिली. "काय बगायलास रं?"

म्हटलं, "आजी, हे बघ, तुझं माहेर. मार्डीचा माळ."

"आनि ह्ये मातकट काय?"

"ते पडीक जमीन. नकाशात तसं लिहिलंय. झुडपी पडीक."

आजीने चष्मा पुसला, परत लावला. "पडीक कशाला म्हणायल्यात रं? आमची चाळीस मेंढरं काय हवा खात होती व्हय?" आणि ती चहा टाकायला निघून गेली.

आता प्रोग्रामर माणसाला हा प्रश्न झोंबतो. कोड लिहिताना आपण सगळ्या शक्यता मांडतो, हे असेल तर असं करा, ते असेल तर तसं करा, आणि शेवटी एक "बाकी सगळं" असा कप्पा ठेवतो. जे कशातच बसत नाही ते त्यात जातं. बहुतेक बग त्याच कप्प्यात सापडतात, हा माझा सहा वर्षांचा अनुभव. आजीचा माळ कुणीतरी, कधीतरी "बाकी सगळं"मध्ये टाकला होता. कुणी आणि कधी, हे शोधत बसलो, त्याची ही गोष्ट. थोडी लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गोष्ट सुरू होते १९७२ साली. आमच्या भागात "बहात्तरचा दुष्काळ" हे शब्द अजूनही घड्याळासारखे वापरतात. अमक्याचं लग्न बहात्तरच्या आधी, तमक्याचा जन्म बहात्तरच्या नंतर. पण त्या एका वर्षात आणखी दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा सोलापूरशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल. २३ जुलै १९७२ ला अमेरिकेने जमिनीचे फोटो काढणारा एक उपग्रह सोडला. तेव्हा त्याचं नाव ईआरटीएस-१ होतं, १९७५ मध्ये त्याचं लँडसॅट-१ झालं. आणि सप्टेंबर १९७२ मध्ये आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. एक दुष्काळ, एक उपग्रह, एक कायदा. तिन्ही धागे पुढे नान्नजच्या माळावर येऊन एकमेकांत गुंतले.

आधी दुष्काळ. आजी तेव्हा विशीतली. खडी फोडायच्या कामावर होती, मग चर खोदायच्या. सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी खाल्ल्या, ते ती अजून तोंड वाकडं करून सांगते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली (कायदा १९७७ चा). आणि १९७३-७४ पासून केंद्राचा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम सुरू झाला. नाव भारदस्त आहे, काम साधं होतं. पाणी अडवा, माती अडवा, हिरवळ वाढवा. सोलापूर जिल्हा त्यात असणारच. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी.

या कार्यक्रमात माळरानांचे तुकडे निवडून तिथे समतल चर खोदले, चराई बंद केली आणि झाडं लावली. ग्लिरिसिडिया (आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात ते), सुबाभूळ, निलगिरी, काही ठिकाणी अंजन. हेतूबद्दल शंका घेण्यासारखं काही नव्हतं. ज्यांनी दोन वर्षं पावसाची वाट बघितली त्यांना झाडं लावू नका असं कोण सांगणार? आजीला विचारलं तर म्हणाली, "सायेब म्हनायचा, झाडं आली की पाऊस येतोय. आमी खनत होतो."

आता पक्षी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांना नान्नजच्या माळावर माळढोक दिसले. नान्नज माहीत नसेल तर सांगतो, सोलापुरातून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर. माळढोक म्हणजे साधारण मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातला एक सगळ्यात वजनदार पक्षी. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून खोल आवाज काढतो, म्हणून त्याला "हूम" असंही नाव आहे. मादी जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालते. घरटं वगैरे भानगड नाही. शत्रू लांबून दिसला पाहिजे, एवढाच तिचा विमा.

हा पक्षी आपल्याकडे किती होता, याचा अंदाज देणारी एक नोंद वाचून मी थक्क झालो. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने एकट्या अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. एका माणसाने. बंदुका तरी कसल्या, दर गोळीला ठासायच्या. आज अख्ख्या देशात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी माळढोक उरलेत असं म्हणतात. म्हणजे मॅन्सफिल्डसाहेबांना आजचा सगळा साठा तीन-चार वर्षंच पुरला असता.

तर कुलकर्णींनी हा पक्षी लोकांच्या आणि सरकारच्या नजरेला आणून दिला. वन्यजीव कायद्यात माळढोक पहिल्या अनुसूचीत होताच, म्हणजे वाघाच्या पंगतीला. १९७९ मध्ये नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं आणि इथे एक सरकारी विक्रम झाला. अभयारण्याचं क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, तिकडे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. गावं, बाजारपेठा, शेतं, रस्ते, सगळं अभयारण्य. त्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी थोडी. याचा त्रास पुढे कसा झाला ते सांगतोच, पण आधी या गोष्टीतल्या मला सगळ्यात आवडलेल्या भागाकडे येतो.

१९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने माळढोकवर मोठा अभ्यास हाती घेतला. डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी. मध्य प्रदेशात करेरा, आंध्रात रोळ्ळपाडू आणि आपल्याकडे नान्नज. लपणात बसून तासन् तास बघायचं, लिहायचं. कॅमेरा ट्रॅप नाहीत, जीपीएस नाही. सोलापूरच्या उन्हात कापडी लपणात बसणं म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

त्यांना जे दिसलं ते गमतीचं होतं. दुष्काळी कार्यक्रमात चराई बंद केलेल्या तुकड्यांत पहिली काही वर्षं माळढोक खूश होते! कारण झाडं अजून गुडघाभर होती आणि गुरं आत येत नसल्यामुळे गवत मस्त माजलं होतं. कुसळी, पवन्या, मारवेल. गवतात नाकतोडे, नाकतोड्यांवर माळढोक. अंडं घालायला शांत जागा. म्हणजे पाणी आणि माती अडवायला निघालेल्या योजनेने नकळत माळढोकांना आसरा दिला. माझ्या आजीने खणलेल्या चरांच्या मधल्या गवतात कुठे एखाद्या मादीने अंडं घातलंही असेल.

पण मग झाडं मोठी झाली. ज्या पक्ष्याचा सगळा भरवसा लांबवर दिसण्यावर, त्याच्याभोवती उंदीरमारीच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. झाडी दाट झाली तसे माळढोक ते तुकडे टाळायला लागले. गवताळ प्रदेशात झाडं लावू नका, हे रहमानी तेव्हापासून आजपर्यंत सांगत आलेत. योजना तीच, जागा तीच, फक्त दहा-पंधरा वर्षं पुढे गेली आणि उत्तर उलटं झालं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर कुणीतरी इतकी वर्षं तिथे बसून बघत होतं. पहिल्या तीन वर्षांतच अहवाल देऊन ते उठले असते तर "वृक्षारोपणाने माळढोक वाढतात" असा निष्कर्ष छापून आला असता, आणि तो खोटाही नसता.

(त्याच अभयारण्यात पुढे लांडग्यांवरही चांगलं काम झालं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून आलेल्या बिलाल हबीब यांनी इथले लांडगे पिल्लांना घेऊन बिळं कशी बदलतात यावर अभ्यास केला, २००७ मध्ये त्यावर निबंध आहे. लांडगाही माळाचाच प्राणी. पण त्याची गोष्ट पुन्हा केव्हातरी.)

आता वरचा डोळा, म्हणजे उपग्रह. इथे माझ्या धंद्याशी जवळचा विषय येतो म्हणून जरा सविस्तर.

लँडसॅट वर गेल्यावर टेक्सासमधल्या एका विद्यापीठात जॉन राऊस आणि त्यांच्या गटाला एक काम मिळालं. अमेरिकेच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेल्या गवताळ मैदानांत वसंतात हिरवळ कशी पुढे सरकते ते उपग्रहातून मोजायचं. हिरव्या पानाची गंमत अशी की ते तांबडा प्रकाश शोषून घेतं (त्यावर त्याचं पोट चालतं) आणि डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा निअर इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं. वाळलेल्या पानात किंवा उघड्या मातीत हा फरक कमी होतो. मग दोघांची वजाबाकी करायची, आणि जागेप्रमाणे सूर्य तिरपा-सरळ असल्याने आकडे बिघडू नयेत म्हणून त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचं. बस. उत्तर उणे एक ते अधिक एकच्या मध्ये. यालाच आज एनडीव्हीआय म्हणतात. कोडमध्ये एक ओळ लागते. आज जगात कुठेही जंगलाची तब्येत, पिकाची वाढ, दुष्काळ काहीही मोजायचं असेल तर पहिल्यांदा हीच ओळ लिहितात.

लक्षात आलं का? ही मोजपट्टी मुळात गवतासाठी केली होती. कुरणात गुरांना किती चारा आहे ते कळावं म्हणून. आजीच्या मेंढरांसाठीच म्हणा ना.

पण भारतात ती नजर आली ती जंगल मोजायला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने १९७२-७५ आणि १९८०-८२ अशी दोन काळांतली लँडसॅटची चित्रं ताडून १९८४ मध्ये आकडे दिले. देशातलं जंगल १६.८९ टक्क्यांवरून १४.१० टक्क्यांवर आलंय. सात-आठ वर्षांत एवढी घट! दिल्लीत खळबळ उडाली. (पुढे या संस्थेने आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने एकत्र बसून हिशेब जुळवला, तेव्हा आकडा साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास गेला. चित्रं वाचायची रीत बदलली की जंगल पाच टक्क्यांनी वाढतं. डेटावर काम करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं.) पण हिशेब जुळेपर्यंत गाडी पुढे निघून गेली होती. १९८५ मध्ये राजीव गांधींनी राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळाची घोषणा केली. लक्ष्य काय, तर दरवर्षी पन्नास लाख हेक्टरवर झाडं.

पन्नास लाख हेक्टर आणायचे कुठून? शेती सोडून, जंगल सोडून, वस्ती सोडून जे उरतं ते. म्हणजे "बाकी सगळं".

हा शब्दही उपग्रहाने शोधलेला नाही. इंग्रजांच्या महसूल खात्याचा आहे. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती वेस्ट. वनखात्याचं गणित लाकडावर चालायचं, त्यात गवताला मोल नाही. धनगराला, मेंढराला, माळढोकाला ती जमीन काय आहे, हा रकानाच वहीत नव्हता. पुढे वही गेली आणि संगणक आला, रकाने तेच राहिले. २००० मध्ये देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह उपग्रहाच्या चित्रांवरून छापला गेला, नंतर त्याच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. झुडपी जमीन, उतरती कळा लागलेली कुरणं, खडकाळ जमीन, सगळे पडीकचेच प्रकार.

आणि जंगलाची व्याख्या काय? वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टरपेक्षा मोठा तुकडा असेल आणि वरून बघताना त्याचा दहा टक्क्यांहून जास्त भाग झाडांच्या सावलीने झाकला असेल तर ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कसलं, हे बघायचं नाही. आंब्याची बाग चालते. निलगिरीची लागवड चालते. नान्नजचा अस्सल माळ, ज्यावर बाभूळ, बोर, हिवर लांब लांब उभे आहेत आणि मध्ये शंभर प्रकारची जित्राबं नांदतायत, तो चालत नाही. दहा टक्क्यांच्या खाली म्हणजे झुडपी, त्याची गणती वनात नाही. त्याच माळावर उंदीरमारी लावली, ती वाढली, की नकाशात तो ठिपका हिरवा होतो आणि दोन वर्षांनी येणाऱ्या अहवालात जिल्ह्याचं जंगल वाढतं. इकडे माळढोक निघून गेलेला असतो. अहवाल चुकीचा नसतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो बरोबर देतो.

अजून एक बारीक गोष्ट. ढग नसलेली चित्रं मिळावीत म्हणून वन सर्वेक्षण साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रं वापरतं. माळ त्या वेळी कसा असतो? पोळ्याला हिरवागार, दसऱ्याला पिवळा, दिवाळीनंतर सोनेरी. आपल्याला ते वाळलेलं वाटतं, पण गवताचं ते आयुष्यच आहे. बी पडलेलं असतं, मुळं जिवंत असतात. पगारवाढीची चौकशी महिन्याच्या एकोणतीस तारखेला खिसा बघून करण्यासारखं आहे हे.

मी स्वतः करून बघितलं. लँडसॅटचा सगळा जुना साठा २००८ पासून फुकट आहे. नान्नजभोवतीचा चौकोन घेतला, मिळतील तेवढ्या वर्षांची चित्रं उतरवली, ती एक ओळ लिहिली आणि आलेख काढला. उघड्या माळाची रेघ दरवर्षी पावसात टणकन वर, हिवाळ्यात खाली, ईसीजी काढल्यासारखी. लागवडीच्या तुकड्यांची रेघ वर जाऊन बराच वेळ वरच रेंगाळते. आलेख बघून कुणालाही वाटेल, दुसऱ्या जागेची तब्येत चांगली. मला पण क्षणभर वाटलं. तब्येत कुणाची मोजायची ते आधी ठरवलं नाही तर आकडा काहीही बोलतो.

आणि आता जरा अवघड भाग.

२०१८ च्या जुलैमध्ये राज्य सरकारची तेरा कोटी झाडं लावायची मोहीम होती. (२०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१९ ला तेहतीस.) मी इंजिनिअरिंगला होतो, राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलेलं. एका गावाच्या माळावर आम्हाला ट्रकने नेलं. खड्डे आधीच काढलेले होते. आम्ही दीडशे पोरं-पोरी, दोन तासांत सगळी रोपं लावून मोकळे. कुठली रोपं होती ते मला आता आठवतही नाही, तेव्हाही कुणी विचारलं नाही. चारी बाजूंनी नवीन हिरवं गवत होतं, पाऊल टाकलं की टिटव्या ओरडत उठत होत्या. आम्हाला वाटलं, पोरांचा गोंधळ ऐकून ओरडतायत. टिटवी जमिनीवर अंडी घालते हे मला या रविवारी, म्हणजे सात-आठ वर्षांनी कळलं. फेसबुकवर त्या दिवशीचा माझा फोटो आहे, हातात रोप, मागे माळ. खाली लिहिलंय, "ओसाड माळाला हिरवं करताना." सत्तरच्यावर लाईक्स. फोटो काढून टाकणार होतो, मग म्हटलं असू दे.

शेतकऱ्यांची बाजू सांगतो म्हटलं होतं. ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर झालं तेव्हा सुरुवातीला कुणाला फार जाणवलं नाही. कायद्याची अंमलबजावणी कडक होत गेली तसं जमिनीचे व्यवहार, बांधकामं, उद्योग, सगळ्याला अभयारण्य आडवं यायला लागलं. ज्याच्या शेतात माळढोक कधी फिरकला नाही त्यालाही परवानगीचे कागद. मग पक्ष्याबद्दल लोकांच्या मनात काय राहणार? माझ्या एका काकांच्या तोंडी माळढोक हा शब्द शिवीसारखा यायचा. शेवटी न्यायालय आणि समित्या असं करत करत क्षेत्र कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आधीच नीट रेघ मारली असती तर तीस वर्षांचा राग वाचला असता असं मला वाटतं. इथेही नकाशाच चुकला. सरकारच्या एका नकाशात माळाला काहीच किंमत नाही, आणि दुसऱ्या नकाशात माळासकट करमाळ्याचा बाजारसुद्धा अभयारण्य!

या सगळ्यात शेतीही बदलत होती. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. कोरडवाहू मालदांडी ज्वारी, करडई, तूर, भुईमूग यांच्या जागी हळूहळू ऊस आला. माळढोकाला ज्वारी-भुईमुगाच्या रानात हिंडता यायचं, किडे खाता यायचे. उसात तो करणार काय? पण उसाने किती घरं वर आली हेही मी बघितलंय. माझ्या शिक्षणाची फी त्याच पैशातून गेली. तेव्हा या मुद्द्यावर मी फार मोठ्याने बोलत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र शास्त्रज्ञांनी "बाकी सगळं"चा कप्पा उघडून बघायला घेतलाय. बंगळुरूच्या जयश्री रत्नम, महेश संकरन आणि इतरांनी २०११ मध्ये एक निबंध लिहिला, की आपण ज्याला विरळ, खराब झालेलं जंगल म्हणतो त्यातलं बरंचसं जंगल नाहीच, ते मुळातच गवत आणि विरळ झाडांचं वेगळं रान आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहाच्याच चित्रांवरून, संगणकाला शिकवून, देशातल्या अशा कोरड्या मोकळ्या रानांचा नकाशा केला. उत्तर आलं तीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्यातलं संरक्षित क्षेत्रात किती? पाच टक्क्यांपेक्षा कमी. उपग्रह साधारण तसलेच, गणितही त्याच जातीचं. संगणकाला शिकवताना "माळ" नावाचा रकाना दिला एवढाच फरक.

आणि २०२५ मधलं एक काम तर आपल्या मराठी माणसांनी वाचायलाच हवं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी पश्चिम महाराष्ट्राचा माळ किती जुना आहे हे शोधायला जुनं मराठी साहित्य, लोकगीतं, दंतकथा चाळल्या. कुठल्या गावाच्या संदर्भात कुठलं झाड, कुठलं झुडूप येतं ते टिपलं. निघालेली झाडं बहुतेक उघड्या, काटेरी, कोरड्या रानातली. निष्कर्ष, हा प्रदेश निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहे. जंगल तोडून माळ झाला हे आपण शाळेत शिकलो, ते निदान इथे तरी खरं नाही.

हे वाचताना मला पंढरपूरची कान्होपात्रा आठवली. देवळात तिच्या समाधीच्या जागी झाड उगवलं म्हणतात, ते कसलं? तरटीचं. वड नाही, पिंपळ नाही, तरटी. काट्याकुट्याचं, उन्हातान्हातलं, माळावरचं झाड. आषाढीला लाखो लोक त्याच्यापुढे हात जोडतात. तेच झाड देवळाबाहेर दहा मैलांवर माळात उभं असलं की नकाशात झुडपी पडीक.

माळढोकाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. २०११ मध्ये तो जगाच्या यादीत "अतिसंकटग्रस्त" ठरला. नान्नजला आकडा उतरत उतरत अगदी बोटांवर आला, आणि नंतर एखादी मादी दिसली तर ती वर्तमानपत्रात बातमी. देशातले उरलेले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिकडे विजेच्या तारांचा काळ झालाय. पक्षी जड, समोरचं नीट दिसत नाही, ऐन वेळी वळता येत नाही. तारा जमिनीखाली न्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलला, कारण सौरऊर्जाही हवी आहे. सौरऊर्जेचे पॅनेल मांडायला सपाट, स्वस्त, "पडीक" जमीन लागते हे ओघाने आलंच. २०१९ पासून जैसलमेरजवळ अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र चालू आहे आणि तिथे यश येतंय. पिल्लं वाढतील. सोडायला गवत कुठे शिल्लक असेल तो प्रश्न वेगळा.

काल शनिवारी आजीला घेऊन नान्नजला गेलो. माळढोक दिसेल असं वाटलं नव्हतं, दिसलाही नाही. काळविटांचा एक कळप दिसला, चंडोल दिसले, लांबवर काहीतरी पळालं ते खोकड असावं. आजीला पक्ष्यांत फारसा रस नव्हता. ती खाली बघत चालत होती आणि गवताची नावं घेत होती. ही पवन्या, ही कुसळी, हिचं बी लुगड्याला चिकटतं, ही मेंढरं आधी खातात, ही भूक मेली तरच खातात. मी फोनमध्ये लिहून घेत होतो. सव्वीस नावं झाली, त्यातली नऊ मला पुस्तकात कुठेच सापडलेली नाहीत.

परत येताना जुना चर दिसला. बुजत आलेला, तरी कळत होता. ती थांबली. म्हटलं, "तुमीच खनलेला का?"

"आमचा तिकडं हुता, मार्डीच्या अंगाला," ती म्हणाली. "ह्यो दुसऱ्यांचा. सरळ न्हाई बग, वाकडा गेलाय."

ती नऊ नावं खाली देतोय. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा भागातल्या कुणाच्या घरी जुनी माणसं असतील तर त्यांना विचारून कळवा. चिकट्या, डोंगरी शेडा, काळी मारवेल, तांबडी पवन्या, मेंढकुसळ, घोडकुसळी, गोंडळी, भुरभुशी आणि म्हातारीचं गवत.